कामात रमलेला माणूस : मायकेल फॅरडे

सोमवारची सकाळ आली की मनावर ओझे येते, अशी तक्रार आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. कचेरीत काम करणारा बंधू ती करतो, शाळेत शिकविणारी भगिनी ती करते, आणि पहाटेपासून घरात राबणारी आई ती बोलून दाखवीत नसली तरी तिच्या चेहऱ्यावर ती दिसते. आमचे शब्बाथशाळेचे शिक्षकही ह्यातून सुटलेले नाहीत. शनिवारी रात्री डोळ्यांवर झोप असताना धडा उघडायचा, कसाबसा वाचायचा आणि सकाळी मुलांपुढे उभे राहायचे, हे आम्हीही केले आहे. म्हणून हे लिहिताना कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु एक प्रश्न आम्हांला नेहमी पडतो. कामातला आनंद येतो तरी कोठून? मोठी जागा मिळाली, पगार वाढला, चार माणसांत मान मिळाला म्हणजे तो येतो काय? तसे असते तर मोठ्या जागेवरची सर्व माणसे आनंदी दिसली असती. ह्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एका माणसाचे जीवन आठवते. तो होता एका गरीब लोहाराचा मुलगा. पुढे त्याचे नाव जगभर झाले, पण त्याचा आनंद नाव होण्याच्या आधीपासूनचा होता. त्याचे नाव मायकेल फॅरडे.

लोहाराचा मुलगा

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स फॅरडे उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागातून पोटासाठी लंडनला आले होते. ते लोहारकाम करीत. चार भावंडांत मायकेल तिसरा. वडिलांची प्रकृती नेहमी नादुरुस्त असे आणि त्यामुळे ऐरणीवर हातोडा पडेलच अशी शाश्वती नसे. १८०१ साली धान्य अतिशय महाग झाले, तेव्हा ह्या कुटुंबाला गरिबांसाठी असलेली सार्वजनिक मदत घ्यावी लागली. आठवड्याला एक पाव मायकेलच्या वाट्याला येई, आणि तो त्याने आठवडाभर पुरवायचा. त्या वेळी त्याचे वय होते नऊ वर्षे.

शिक्षण म्हणावे तर लिहिणे, वाचणे आणि थोडेसे अंकगणित, एवढेच. पण ह्या घरात एक गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे देवाचे भय आणि एकमेकांवरील प्रीती. हे कुटुंब सँडेमनियन नावाच्या एका लहानशा मंडळीत जात असे. स्कॉटलंडमध्ये जॉन ग्लास ह्यांनी हिची सुरुवात केली आणि त्यांचे जावई रॉबर्ट सँडेमन ह्यांनी ती वाढविली. ह्या मंडळीत पगारी पाळक नसत. मंडळीने निवडलेले वडील आळीपाळीने उपदेश करीत. रविवारच्या दोन उपासनांच्या मध्ये सर्वजण, श्रीमंत आणि गरीब, एकत्र बसून जेवत. धन साठवून ठेवणे हे विश्वासणाऱ्याला शोभत नाही, अशी त्यांची शिकवण होती. मायकेलच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा पुष्कळसा येथे होतो.

पुस्तके बांधता बांधता

१८०४ साली, तेरा वर्षांचा होता होता, मायकेल ब्लॅन्डफर्ड स्ट्रीटवरील रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या पोऱ्या म्हणून लागला. त्या काळी वर्तमानपत्र महाग असल्याने ते भाड्याने वाचायला देत. सकाळी एका घरी पोहोचवायचे, वेळ झाली की परत आणून दुसऱ्या घरी द्यायचे, हे त्याचे काम. त्याने ते इतके चोख केले की वर्षभराने मालकाने त्याला पुस्तकबांधणी शिकण्यासाठी सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतले, आणि त्यासाठी द्यावी लागणारी रक्कम माफ केली.

पुस्तकबांधणी म्हणजे शिवणे, चिकटविणे, कातरणे आणि ठोकणे. दिवसभर हेच. दुसऱ्या एखाद्या मुलाने कंटाळून दिवस ढकलले असते. मायकेल जे पुस्तक बांधी ते वाचू लागला. ब्रिटानिका विश्वकोशाचा एक खंड बांधणीला आला, त्यात विजेवरील लेख होता. जेन मार्सेट नावाच्या बाईंनी सोप्या भाषेत लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक आले. वाचलेले खरे की खोटे, हे पाहण्यासाठी तो पदरच्या पैशांतून बाटल्या व किरकोळ वस्तू विकत घेई आणि घरगुती प्रयोग करून पाही. ज्यांची भक्तिगीते आमच्या मंडळ्यांनाही परिचित आहेत, त्या आयझॅक वॉट्स ह्यांचे बुद्धीच्या वाढीविषयीचे पुस्तकही त्याच्या हाती आले. वाचताना टिपणे ठेवावीत, व्याख्याने ऐकावीत, मित्रांशी पत्रव्यवहार करून विचार तपासावेत, अशी त्यात शिकवण होती. मायकेलने ती शब्दशः आचरणात आणली.

१८१० साली वडील वारले. त्याच वर्षी शहरात विज्ञानावर व्याख्याने चालत असल्याचे मायकेलला कळले. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग द्यावा लागे. तो कोणी दिला? थोरला भाऊ रॉबर्ट ह्याने. रॉबर्टही लोहारच होता. धाकट्याला ज्ञान मिळावे म्हणून त्याने आपल्या घामाचा पैसा दिला. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशी माणसे दोन ओळींत येऊन जातात, पण देवाच्या वहीत त्यांची नोंद मोठी असावी, असे आम्हांला वाटते.

१८१२ साली दुकानात येणाऱ्या एका गृहस्थाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही ह्यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने सज्जात बसून ती ऐकली, घरी येऊन सुवाच्य अक्षरांत, आकृत्यांसह लिहून काढली आणि स्वतःच्या हाताने त्यांचे सुंदर पुस्तक बांधले. उमेदवारी संपली होती. नवा मालक तापट होता आणि त्या धंद्यात मन रमत नव्हते. त्याने ते पुस्तक डेव्हींना पाठविले आणि विज्ञानाच्या सेवेत कोणतेही काम द्यावे अशी विनंती केली. ज्या कामाचा त्याला कंटाळा येऊ शकला असता, त्याच कामातल्या कसबाने त्याच्यासाठी दार उघडले.

पडेल ते काम

१ मार्च १८१३ रोजी मायकेलची प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नेमणूक झाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग, माळ्यावरच्या दोन खोल्या, शेकोटीला कोळसा आणि उजेडासाठी मेणबत्त्या. काम काय? उपकरणे धुणे, पुसणे, व्याख्यानाच्या वेळी हाताशी उभे राहणे.

त्याच वर्षी डेव्हींबरोबर तो फ्रान्स आणि इटलीच्या दीर्घ प्रवासाला निघाला. डेव्हींच्या नोकराने ऐनवेळी येण्याचे नाकारले आणि ते कामही मायकेलवर पडले. लेडी डेव्ही त्याला नोकराप्रमाणेच वागवीत. पत्रांतून त्याने मित्रापाशी आपले दुःख सांगितले आहे. घरी परत यावे असेही त्याच्या मनात आले. पण ह्याच प्रवासात त्याने व्होल्टा आणि अँपिअर ह्यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना पाहिले, आणि फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने सूर्याचे किरण एकवटून हिरा जाळण्याचा प्रयोग जवळून पाहिला. अपमान आणि शिक्षण एकाच गाडीतून प्रवास करीत होते. त्याने शिक्षण उचलून घेतले. १८१५ साली तो परत आला आणि पुन्हा आपल्या प्रयोगशाळेत रुजू झाला.

टेबलाभोवती नाच

१८२१ हे फॅरडे ह्यांच्या आयुष्यातील मोठे वर्ष. जून महिन्यात आपल्याच मंडळीतील सारा बर्नार्ड हिच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढच्याच महिन्यात त्यांनी मंडळीपुढे उभे राहून आपल्या विश्वासाची कबुली दिली. आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्या हातून एक नवी गोष्ट घडली. पाऱ्याच्या भांड्यात एक लोहचुंबक उभा ठेवून त्यांनी वरून एक तार लोंबती सोडली. तारेतून वीज सोडताच ती तार चुंबकाभोवती गोल गोल फिरू लागली. आज आमच्या घरातील पंखा ज्यामुळे फिरतो, त्याचे हे पहिले रूप.

साराचा चौदा वर्षांचा भाऊ जॉर्ज त्या वेळी जवळ होता. फॅरडे त्या मुलाबरोबर टेबलाभोवती आनंदाने नाचले, आणि दिवस साजरा करण्यासाठी त्याला घोड्यांचे खेळ पाहायला घेऊन गेले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्यांचा आणखी एक प्रयोग साधला. पृथ्वीच्याच चुंबकत्वाने तार फिरू लागली, तेव्हा ते पत्नीला प्रयोगशाळेत बोलावून आणून मुलासारखे दाखवीत होते. तीस वर्षांचा गंभीर संसारी माणूस एका तारेच्या फिरण्याने नाचू लागतो! आम्ही अखेरचे असे कधी नाचलो, असा प्रश्न हे वाचताना मनात येतो.

पण ह्या आनंदाला लगेच विष लागले. वोलॅस्टन नावाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ अशाच विषयावर विचार करीत होते. त्यांचा उल्लेख न करता फॅरडे ह्यांनी घाईने लेख छापला, आणि त्यांनी दुसऱ्याची कल्पना चोरली अशी कुजबूज सुरू झाली. फॅरडे स्वतः वोलॅस्टन ह्यांना जाऊन भेटले व त्यांच्या मनातील किल्मिष दूर केले. पुढे रॉयल सोसायटीचे सभासद होताना ज्यांनी त्यांना वर आणले होते त्या डेव्हींनीच विरोध केला. तरी जानेवारी १८२४ मध्ये फॅरडे निवडून आले. विरोधात फक्त एक मत पडले. एवढे होऊनही डेव्हींविषयी ते पुढे आयुष्यभर आदरानेच बोलले. कटुता धरून ठेवली तर कामातला आनंद जातो, हे त्यांना कळले असावे.

कंटाळवाणी पाच वर्षे

फॅरडे ह्यांना प्रत्येक काम आवडत होते असे कोणी समजू नये. १८२५ नंतर रॉयल सोसायटीने त्यांना दुर्बिणीसाठी उत्तम काच बनविण्याच्या कामात गुंतविले. भट्टी, धूर, तापमान, पुन्हा भट्टी. पाच वर्षांवर हे चालले. काच चांगली झाली, पण दुर्बिणीसाठी म्हणावा तसा उपयोग झाला नाही. ह्या कामाने ते कंटाळले, तरी ते त्यांनी अर्धवट टाकले नाही.

ह्याच भट्टीसाठी अँडरसन नावाचा तोफखान्यातील निवृत्त सार्जंट त्यांना मदतनीस मिळाला. एकदा भट्टी तापती ठेव असे सांगून फॅरडे निघाले, आणि अँडरसनला घरी जा असे सांगायचे विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतात तो हा भला माणूस रात्रभर कोळसा घालीत उभा! तो जवळजवळ चाळीस वर्षे, आपल्या मरणापर्यंत, फॅरडे ह्यांच्या सोबतीला राहिला.

जुलै १८३१ मध्ये फॅरडे ह्यांनी ह्या कामातून मोकळीक मागितली. आणि २९ ऑगस्ट १८३१ रोजी, ज्याच्यासाठी दहा वर्षे ते अधूनमधून धडपडत होते, ते हाती लागले. लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळली होती. एका वेटोळ्यात वीज सुरू करताना आणि बंद करताना दुसऱ्या वेटोळ्याजवळची सुई क्षणभर हलली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी तारेच्या वेटोळ्यात नुसता लोहचुंबक आत-बाहेर केला आणि वीज निर्माण झाली. आज कोयनेच्या पाण्यावर फिरणारी प्रचंड जनित्रे ह्याच तत्त्वावर चालतात. आमच्या मंदिरातला दिवा लागतो, त्याच्या मागे तो एक सुईचा क्षणभराचा थरकाप आहे.

पैसा आणि काम

येथे त्यांच्या जीवनातील एक मोठा निर्णय येतो. कारखानदार, व्यापारी, न्यायालये ह्यांना शास्त्रीय सल्ला देऊन फॅरडे ह्यांना १८३० च्या सुमारास वर्षाला हजार पौंडांवर मिळत होते. रॉयल इन्स्टिट्यूशनचा पगार होता शंभर पौंड आणि राहायला जागा. ह्या नव्या शोधानंतर सल्ल्याचे काम वाढविले असते तर ते फार श्रीमंत झाले असते. परंतु एका माणसाचा दिवस दोन धन्यांना देता येत नाही. त्यांनी संशोधन निवडले आणि सल्ल्याचे उत्पन्न काही वर्षांत जवळजवळ शून्यावर आणले.

ते उपाशी राहिले असे मात्र नाही. वुलिच येथील लष्करी विद्यालयात शिकविण्याचे आणि पुढे १८३६ पासून दीपगृहांच्या देखरेखीचे मानधन त्यांना मिळे, आणि दोघांचा साधा संसार त्यात सुखाने चाले. उरलेले पुष्कळसे गरिबांकडे जाई. दीपगृहांतील दिव्यांचा धूर व वाफ बाहेर नेणारे एक नळकांडे त्यांनी तयार केले, तेव्हा त्याचा हक्क त्यांनी भाऊ रॉबर्टला देऊन टाकला. ज्याने एकेकाळी व्याख्यानाचे शिलिंग दिले होते, तोच हा भाऊ.

मानाच्या बाबतीतही तसेच. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले गेले. त्यांनी ते नाकारले आणि साधे मायकेल फॅरडे राहणेच पसंत केले.

आनंद हरवला तेव्हा

एवढे वाचून कोणी म्हणेल, हा माणूस सुखी होता, त्याला काम आवडत होते, त्यात काय विशेष? पण आता आम्ही त्यांच्या आयुष्यातील अंधाऱ्या भागाकडे येतो.

१८३९ च्या सुमारास फॅरडे ह्यांचे शरीर आणि मन थकले. चक्कर येई, डोके दुखे, आणि सर्वांत वाईट म्हणजे स्मरण दगा देऊ लागले. काल काय केले ते आज आठवेना. ज्या कामावर प्रेम केले, त्याच कामाने त्यांना मोडून टाकले. आवडीचे कामही माणसाला गिळू शकते, ही गोष्ट मंडळीच्या कामात स्वतःला विसरून राबणाऱ्या बंधुभगिनींनी लक्षात ठेवावी.

अशा वेळी सारा पुढे झाली. तिने भेटीला येणाऱ्यांना थोपविले, आमंत्रणे परतविली, आणि १८४१ मध्ये भाऊ जॉर्ज व त्याची पत्नी ह्यांच्यासह पतीला स्वित्झर्लंडला नेले. तेथे फॅरडे काही महिने फक्त चालले. दिवसाला तीस-तीस मैल ते डोंगरांतून हिंडत. इंटरलाकेनला त्यांना खिळे बनविण्याचा धंदा दिसला. तो पाहण्यात त्यांना किती सुख वाटले हे त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले आहे, कारण त्यांना लोहाराचे दुकान आणि वडिलांची आठवण झाली. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आजारपणात पुन्हा भात्याच्या आवाजाशी येऊन विसावला.

परत आल्यावरही दुःख संपले नव्हते. १८४० पासून ते मंडळीचे वडील होते. १८४४ साली मंडळीत वाद निर्माण झाला आणि काही सभासदांना बाहेर काढण्यात आले, त्यांत फॅरडेही होते. काही आठवड्यांनी त्यांना परत घेतले, पण वडीलपद गेले. जगाने डोक्यावर घेतलेला माणूस आपल्याच लहानशा मंडळीत मागच्या बाकावर आला. तो निघून जाऊ शकला असता. गेला नाही. सोळा वर्षे साधा सभासद म्हणून येत राहिला, आजाऱ्यांना भेटत राहिला, आणि १८६० साली मंडळीने पुन्हा त्याला वडील निवडले. त्यांचा उपदेश म्हणे साधा असे. व्याख्यानातील चमक त्यात नसे, बहुतेक पवित्र शास्त्रातील वचनेच असत. येथे त्यांना चमकायचे नव्हते.

१८४५ मध्ये ते पुन्हा पूर्ण जोमाने कामाला लागले. लोहचुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो काय, हे त्यांना पाहायचे होते. एकामागून एक पदार्थ लावून पाहिले, काही होईना. शेवटी त्यांना आपली ती जुनी काच आठवली, जिच्यासाठी पाच वर्षे भट्टीपुढे कंटाळून काढली होती. १३ सप्टेंबर १८४५ रोजी त्या काचेच्या तुकड्यातून प्रकाश सोडला आणि चुंबकाने तो प्रकाश वळलेला दिसला. प्रकाश आणि चुंबकत्व ह्यांचा संबंध असल्याचा हा पहिला पुरावा. वाया गेली असे वाटलेली वर्षे वाया गेली नव्हती.

मुलांसाठी मेणबत्ती

फॅरडे दांपत्याला मूल नव्हते. पण भाच्या त्यांच्या घरी राहत, आणि घर हसण्याखेळण्याने भरलेले असे. एखादी भाची प्रयोगशाळेत गुपचूप बसून राही, आणि मामा मधूनच तिच्यासाठी पाण्यात पोटॅशियमचा खडा टाकून आग दाखवीत. पायाने चालविण्याची एक गाडी त्यांनी स्वतः तयार केली होती व तीवर बसून ते इमारतीच्या बोळांतून फेऱ्या मारीत.

नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ च्या सुमारास सुरू झाली. १८२७ ते १८६० ह्या काळात फॅरडे ह्यांनी अशी एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. त्यांतील मेणबत्तीवरील सहा व्याख्याने सर्वांत प्रसिद्ध झाली. ती त्यांनी १८४८ च्या आणि पुन्हा १८६० च्या नाताळात दिली. पुढे १८६१ मध्ये त्यांचे पुस्तक झाले आणि ते आजही वाचले जाते. हातात एक साधी मेणबत्ती. ती वितळते का, वातीतून वर काय चढते, ज्योतीच्या आत काय आहे, जळून गेलेले मेण कोठे जाते, ज्योतीतून पाणी कसे मिळते, आणि शेवटी आपला श्वास व मेणबत्तीचे जळणे ह्यांत साम्य काय. कोळशाबरोबर मेणबत्त्या मिळणाऱ्या त्या माळ्यावरच्या पोराने, पन्नास वर्षांनी, त्याच मेणबत्तीतून मुलांना सारी सृष्टी दाखविली.

हे सहज होत नसे. चांगले बोलता यावे म्हणून त्यांनी तरुणपणी पैसे देऊन शिकवणी लावली होती. बोलण्याच्या ओघात वेग वाढू लागला तर सावकाश असे लिहिलेला पुठ्ठा अँडरसन त्यांच्यासमोर ठेवी. प्रत्येक प्रयोग ते आधी करून पाहत. आम्ही शिक्षकांनी हे लक्षात घ्यावे. मुलांना मजा वाटावी म्हणून त्यांनी विषय पातळ केला नाही, आणि तयारी न करता देवावर भार टाकला असेही म्हटले नाही. त्यांना स्वतःला मेणबत्तीचे नवल वाटत होते, म्हणून मुलांना वाटले.

हे नवल कोठून आले? फॅरडे आपल्या व्याख्यानांत धर्माचा वाद फारसा आणीत नसत. परंतु ही सृष्टी देवाच्या हातची आहे, आणि म्हणून तिच्यातील लहानशी वस्तूसुद्धा नीट पाहण्याच्या योग्यतेची आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्याला असे वाटते त्याला हलके काम उरत नाही.

शेवटची नोंद

आपल्या प्रयोगांची नोंद फॅरडे क्रमांक घालून ठेवीत. शेवटच्या नोंदीचा क्रमांक आहे १६०४१, आणि तारीख १२ मार्च १८६२. चुंबकाचा ज्योतीतून येणाऱ्या प्रकाशाच्या रेषांवर काही परिणाम होतो काय, हे त्यांनी त्या दिवशी पाहिले. काही दिसले नाही. त्यांनी तसे लिहून ठेवले. पुढे १८९६ साली हॉलंडमधील झीमन ह्यांनी अधिक चांगल्या उपकरणांनी तोच परिणाम शोधून काढला. फॅरडे ह्यांचा शेवटचा प्रश्नही बरोबर होता, फक्त उत्तर दुसऱ्याच्या वाट्याचे होते.

स्मरण आता पार खचले होते. एकेक काम त्यांनी आपणहून सोडून दिले. आधी मुलांची व्याख्याने, मग शुक्रवारची व्याख्याने, मग वडीलपद, शेवटी १८६५ मध्ये दीपगृहांचे काम. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांना राहण्यास घर दिले होते. तेथे खिडकीशी बसून ते मावळता सूर्य पाहत. २५ ऑगस्ट १८६७ रोजी आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या ते शांतपणे प्रभूकडे गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे थोड्या माणसांच्या उपस्थितीत हायगेटच्या स्मशानभूमीत त्यांना पुरले. दगडावर नाव आणि तारखा, एवढेच.

वाचकहो, आम्ही सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ह्या जीवनात आम्हांला असे दिसते. फॅरडे ह्यांना आनंद मोठ्या कामाने दिला नाही. तो त्यांनी पुस्तक शिवतानाच बरोबर आणला होता. पण तो आपोआप टिकलाही नाही. पैशापासून, मानापासून, कटुतेपासून आणि अतिश्रमापासून त्यांना तो जपावा लागला, आणि एकदा हरवला तेव्हा पत्नीच्या हाताला धरून पुन्हा शोधावा लागला. आनंद हे देवाचे दान आहे, आणि इतर दानांप्रमाणे त्याचाही आपण कारभारीपणा करायचा आहे. आमच्यापैकी जो आज थकला असेल त्याने विसावा घेण्यास लाजू नये, आणि ज्याच्या घरात कोणी थकले असेल त्याने सारासारखे दार सांभाळावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक लहानशी सूचना करून आम्ही हा लेख संपवितो. येत्या रविवारी वर्गात एक मेणबत्ती न्या. वारा नसलेल्या जागी ती पेटवा, थोडा वेळ जळू द्या, मग हलकेच फुंकून विझवा. वातीतून पांढरा धूर वर जाईल. लगेच पेटती काडी त्या धुराला लावा, वातीला नव्हे. ज्योत धुरावरून खाली उडी मारील आणि मेणबत्ती पुन्हा पेटेल. फॅरडे ह्यांनी हा प्रयोग मुलांना दाखविला होता. मात्र शनिवारी घरी तो दोनचार वेळा करून पाहा. आणि ज्योत उडी मारते तेव्हा तुमच्या तोंडून नकळत आश्चर्याचा उद्गार निघाला, तर रविवारच्या वर्गाची काळजी करू नका. तुमची तयारी झालेली आहे.